आठ नंबरची सुई

आईच्या विणकामाच्या सुया जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या असतात. जून 2024 मध्ये ती साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला आली तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरण्यांच्या मधोमध ती गुंडाळी खोचलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिने ती उलगडली, सुया मोजल्या आणि विचारलं, "थंडीच्या आधी काय काय विणायचं ठरवलंयस?"

मी काही न बोलता आतून आदल्या वर्षीची शाल आणून तिच्या मांडीवर ठेवली.

ती शाल मी 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विणली होती. नमुना अमेरिकन, पैसे देऊन घेतलेला. त्रिकोणी आकार, काठाला पानांची जाळी. सुई कुठली वापरायची, तर 8 नंबर. मी इकडे यायला निघाले तेव्हा आईनेच 8 नंबरची ॲल्युमिनियमची एक जोडी बरोबर दिली होती, तीच काढली. महिना-दीड महिना रोज रात्री विणलं आणि शाल झाली ती एवढीशी. खांद्यावरून पुढे घेऊन टोकांची गाठ मारायला जावं तर टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. कापडही पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं. मला वाटलं, आपला हात घट्ट झाला असेल. ती घडी करून कपाटात ठेवली, तिथेच राहिली.

आईने शाल उलटसुलट करून पाहिली, चिमटीत धरून ताणली आणि म्हणाली, "वीण चांगली आहे गं. सुई चुकली. ही लोकर सहा नंबरच्या सुईची होती."

"पण नमुन्यात आठच लिहिलंय."

"दाखव बघू."

मी कागद आणला. त्यात 8 होतंच, आणि शेजारी बारीक अक्षरात 5 मि.मी. असंही छापलेलं होतं. ते मी वाचलं होतं की नाही, कोण जाणे. माझ्याकडे सुयांची जाडी मोजायची भोकांची पट्टी आहे. आईची 8 नंबरची सुई 4 मि.मी.च्या भोकातून अलगद गेली आणि तिथेच सगळा उलगडा झाला. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते: 8 म्हणजे 4 मि.मी., 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेत याच्या बरोबर उलट. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि 8 नंबरची सुई 5 मि.मी.ची असते. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 18 टाके सांगितले होते, माझे 22 भरत होते. 324 टाक्यांची वरची कड 180 सेंटिमीटर व्हायची, ती 147 वर थांबली होती.

मी म्हटलं, उसवून टाकते. आईने शाल माझ्या हातातून काढून घेतली. "उसवू नकोस. मला सकाळी फिरायला जाताना गळ्याला होईल." आणि खरोखरच पुढचे तीन महिने तिने ती मफलरसारखी वापरली.

त्या सकाळी आम्ही दोघींनी ठरवलं की या वर्षी नमुना सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी वस्तू कोण घालणार, कधी आणि कशावर घालणार हे पक्कं करायचं, मग लोकर घ्यायची आणि त्या लोकरीला शोभेल तो नमुना काढायचा. आतापर्यंत मी नेमकी उलटी जात होते. फोटोतली शाल आवडायची, तिच्यासारख्या रंगाची लोकर शोधायची आणि विणायला बसायचं.

इथला शरद आपल्या ऑक्टोबर हीटपेक्षा अगदी वेगळा असतो, पण त्याची एक खोड आपल्याकडच्यासारखीच आहे: सकाळ एक सांगते आणि दुपार दुसरंच. सप्टेंबरच्या मध्यावर पहाटे 12-13 अंश असतं आणि दुपारी 25. ऑक्टोबर संपत आला की सकाळी 5-6 अंशांवर येतं, तरी दुपारच्या उन्हात अंगावर जाड काही नको वाटतं. बर्फातला जाड, डोक्यातून घालायचा स्वेटर या दिवसांत कामाचा नाही. सहज चढवता-उतरवता येईल, पिशवीत मावेल आणि घाम आला तरी अंगाला चिकटणार नाही, असं काहीतरी हवं. म्हणून माझ्यासाठी पुढून उघडं कार्डिगन, आईसाठी शाल आणि मुलासाठी बिनबाह्यांचा स्वेटर असं ठरलं.

लोकरीच्या बाबतीत मराठी माणसाची एक अडचण होते, ती सांगायलाच हवी. आपण विणायच्या कुठल्याही धाग्याला लोकर म्हणतो. आईने आयुष्यभर जे विणलं त्यातलं निम्म्याहून जास्त 'कॅशमिलॉन', म्हणजे ॲक्रिलिक. तुळशीबागेतून किंवा साताऱ्याच्या दुकानातून आणलेले ते गुंडेही घरात 'लोकर'च होते. त्यात मेंढीचा अंशही नव्हता. इकडे आल्यावर पहिल्या वर्षी मीसुद्धा एका मोठ्या दुकानातून ढीगभर 'लोकर' आणली आणि तिचा स्वेटर घालून सकाळी स्टेशनला चालत गेले की अंग आतून ओलसर आणि थंड का पडतं हे मला समजेना. ॲक्रिलिक पाणी जवळजवळ शोषतच नाही. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. चालून घाम यावा आणि मग गार वारा लागावा, अशा हवेत हा फरक अंगालाच कळतो. ॲक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, मुलांना टोचत नाही. मुलाच्या स्वेटरसाठी आम्ही लोकर आणि ॲक्रिलिकचा मिश्र धागा घेतला, तो त्याने स्वतः निवडला, गडद निळा, आणि तो विषय दहा मिनिटांत संपला.

आईच्या शालीचा आणि माझ्या कार्डिगनचा विषय मात्र तीन शनिवार पुरला.

आमच्यापासून अर्ध्या तासावर एका लहान गावात लोकरीचं दुकान आहे. तिथे भिंतीभर कप्पे, कप्प्यांत लड्या आणि हात लावायला पूर्ण मुभा. आईला तिथली भाषा येत नव्हती, पण तिला कुणाला काही विचारायचंच नव्हतं. ती एक एक लडी उचलायची, धाग्याचं टोक सोडवून त्याचा पीळ उलटा फिरवून किती पदर आहेत ते बघायची, हलकेच ताणायची आणि मग लडी मानेला, कानाच्या खाली, लावून धरायची. हाताच्या तळव्याला सगळं मऊच लागतं म्हणते ती, मानेची कातडी खोटं बोलत नाही. मी आजवर लोकर तळहातानेच पारखत आले होते.

अमेरिकेच्या मेन नावाच्या राज्यातल्या हार्मनी गावात 1821 पासून चालत आलेली बार्टलेट नावाची गिरणी आहे. तिची एक लडी आईने नाकाशी नेली आणि तशीच थांबली. "याला मेंढराचा वास आहे." लोकरीत थोडं नैसर्गिक तेल राहू दिलेलं असलं की हा वास येतो. आईचं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस संपला की तिच्या वडिलांच्या शेतात खतासाठी धनगरांची मेंढरं बसायची, आणि दिवाळीच्या सुमारास वाडे पुढे सरकायचे. घरात काळी घोंगडी होती. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असायची, नवी असताना ती कडक आणि टोचरी लागायची, आणि मग वीस-वीस वर्षं पावसापाण्यात वापरली तरी फाटायची नाही. हे सगळं तिने दुकानात उभ्या उभ्या सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मऊ लोकर गळ्याला आणि भरड लोकर पाठीला. एकीनेच दोन्ही कामं करायची म्हटलं तर कसं व्हायचं?"

यातूनच आमची निवड सुरू झाली.

माझा जीव एका हाताने रंगवलेल्या मेरिनोवर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीवर, जडला होता. एकपदरी धागा, सुपरवॉश, आणि रंग अगदी इथल्या मेपलच्या झाडासारखे: एकाच लडीत केशरी, विटकरी, पिवळा, मध्येच गडद तपकिरी. आईसाठी हीच घ्यायची आणि तिच्यावर जाळीची वीण घालायची असं मी मनात धरूनही बसले होते. आईने धागा दोन बोटांत धरून पाच-सहा वेळा चोळला. लगेच त्यावर बारीक लव उभी राहिली. मेरिनोचे तंतू अतिशय बारीक असतात, त्यात एकच पदर आणि पीळ सैल. पदर जिथे घासेल तिथे, म्हणजे शालीच्या बाबतीत खांद्यावर आणि कोपराशी, गोळे येणार. रंगांचीही अडचण होती. इतके रंग एका धाग्यात असले की जाळी दिसतच नाही, डोळा रंगांच्या पट्ट्यांवर जातो. असा धागा साध्या विणीतच खुलतो, नुसतं सुलट-सुलट विणलं तरी तो सुंदर दिसतो. जाळी किंवा वेणी घालायची तर धागा एकरंगी किंवा फार तर किंचित उतार-चढाव असलेला हवा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या दोन शाली वाचल्या असत्या, त्यांच्यावरची मेहनत आजही कुणाला दिसत नाही.

'सुपरवॉश' म्हणजे काय तेही त्या दिवशी आईला समजावून सांगताना मला नीट कळलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात आणि घासण्याने ते एकमेकांत अडकतात, म्हणून लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. सुपरवॉशमध्ये हे खवले रासायनिक प्रक्रियेने झिजवतात आणि वर पातळ लेप देतात. मग कपडा आटत नाही. पण खवल्यांची एकमेकांवरची पकडही जाते आणि धुतल्यावर कपडा ढिला होऊन लांबतो. मुलांच्या कपड्यांना ठीक आहे. खांद्यावरून वर्षानुवर्षं लोंबकळणाऱ्या वस्तूला मला ते पटलं नाही. अल्पाकाची, म्हणजे उंटाच्या कुळातल्या त्या नावाच्या जनावराच्या लोकरीची, लडीही हातात घेतली होती. ऊब भरपूर, रेशमासारखी मऊ, पण तिला लवचीकपणा नसतो. अल्पाकाचा स्वेटर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळत जातो आणि खालची उलट-सुलट पट्टी पहिल्याच आठवड्यात आपली पकड सोडते.

आईच्या शालीचा आकार तिच्या वापरातूनच ठरला. त्रिकोणी शाल पाठीवर छान दिसते, पण ती सारखी घसरते आणि तिला पुढे गाठ किंवा पिन लागते. आई साडीवर शाल घेते, पहाटे डोक्यावरूनही घेते, आणि बसली की मांडीवर घडी करून ठेवते. तिला लांब, आयताकृतीच हवी होती. दुसरी अट बांगड्यांची. मोठ्या भोकांच्या जाळीत बांगडी आणि मंगळसूत्र अडकतं आणि एक टाका ओढला गेला की त्या ओळीचं सगळं रूप बिघडतं. जाळी हवी तर ती बारीक आणि आखूड हवी.

मी तिला रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवरचे नमुने दाखवत बसले. तिथे एकेका नमुन्याखाली तो विणलेल्या शेकडो बायकांचे फोटो असतात, त्यामुळे नमुना सडपातळ मॉडेलच्या अंगाऐवजी खऱ्या माणसांच्या अंगावर कसा दिसतो ते कळतं. वीस-पंचवीस नमुने बघून झाल्यावर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या रोजच्या वापरातल्या शालींपाशी आलो. तिथे त्यांना 'हॅप' म्हणतात. मधला भाग साधा आणि भोवती लाटांची किनार. या लाटांच्या विणीला तिथे 'ओल्ड शेल' असं नाव आहे. आईने फोटो मोठा करायला लावला. मग उठली आणि आतून तिची विणकामाची वही घेऊन आली.

ती वही मी लहानपणापासून पाहिली आहे. शाळेतली दोनशेपानी, कडा कुरतडलेली. प्रत्येक पानावर विणीचा चार बोटांचा तुकडा टाचणीने लावलेला आणि खाली शाईने कृती: 'सु.' म्हणजे सुलट, 'उ.' म्हणजे उलट, 'जा.' म्हणजे जाळी, म्हणजे सुईवरून धागा घेऊन केलेला नवा टाका. 'लहर वीण' नावाच्या पानावर लिहिलं होतं: टाके 18 च्या पटीत. पहिली ओळ सु. दुसरी उ. तिसरी: 2 टाके एकत्र असे तीनदा, जा. 1 सु. असे सहादा, पुन्हा 2 टाके एकत्र तीनदा. चौथी ओळ सु. फोटोतल्या शालीची कृती शेजारी ठेवली तर आकडा न् आकडा तोच. आईला ती शेजारच्या काकूंनी शिकवली होती, तिच्या लग्नाआधी. काकूंना कुणी शिकवली, माहीत नाही. सहा टाके कमी होतात, सहा वाढतात, म्हणून ओळीतले टाके तेवढेच राहतात. पण कमी होणारे दोन्ही बाजूंना गोळा होतात आणि वाढणारे मधोमध, म्हणून ओळ वर-खाली होऊन लाट तयार होते. चार ओळींतल्या एकाच ओळीत लक्ष द्यावं लागतं, बाकीच्या तीन गप्पा मारत होतात. आईचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, तिला असंच काहीतरी हवं होतं. बाहेरचा नमुना घ्यायचं काम तिथेच मिटलं.

आता अशा विणीला लोकर कोणती? लोकर कातायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत तंतू पिंजून कातायचे. ते आडवेतिडवे राहतात, त्यांच्यात हवा अडकते, धागा हलका, फुगीर आणि उबदार होतो. दुसऱ्या रीतीत तंतू विंचरून सरळ करायचे, आखूड तंतू काढून टाकायचे आणि मग कातायचं. हा धागा गुळगुळीत, मजबूत, आणि त्यात प्रत्येक टाका वेगळा उठून दिसतो. लाटांची वीण उठून दिसायला हवी म्हणून शालीसाठी विंचरून कातलेली, तीनपदरी, बारीक लोकर घेतली, सुपरवॉश नसलेली, 100 ग्रॅममध्ये 400 मीटर भरणारी. दोन लड्या. रंग आमसुली. दुकानातल्या दिव्याखाली तो जांभळा वाटत होता, म्हणून मी लडी घेऊन दाराबाहेर उन्हात गेले. तिथे त्यात तांबूस झाक दिसली, अगदी ताज्या आमसुलाच्या आतल्या बाजूसारखी. आई म्हणाली, हाच. तिच्या चार ठेवणीतल्या साड्यांवर तो जातो हे तिने तिथल्या तिथे मनात लावून पाहिलं होतं.

कार्डिगनसाठी मी पिंजून कातलेली, न रंगवलेली लोकर घेतली. काळ्या आणि पांढऱ्या मेंढ्यांची लोकर एकत्र कातून आलेला राखी-तपकिरी रंग. हाताला थोडी भरड लागते, पण आत सुती कुर्ता असतोच. गळ्याची पट्टी तेवढी आईच्या शालीतल्या उरलेल्या धाग्याची करायची असं ठरवलं, तिचं मऊ-भरडाचं सूत्र धरून. नमुन्यात 1190 मीटर लोकर सांगितली होती, लडी 230 मीटरची. म्हणजे सहा पुरतात. मी एकाच खेपेत कातलेल्या सात घेतल्या, कारण माझे हात लांब आहेत आणि नमुन्यातली बाही मला नेहमी मनगटाच्या वर राहते.

कार्डिगनच्या नमुन्यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. इथे सध्या गळ्यापासून सुरू करून खाली विणत जायची पद्धत फार चालते. शिवण नाही, मध्येच अंगावर घालून बघता येतं. मला तेच सोपं वाटत होतं. आई म्हणाली, पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या, आणि मग शिवण. "शिवण म्हणजे कपड्याचा कणा. खिशात फोन टाकशील, किल्ल्या टाकशील, तो कपडा खाली ओढला जाणार. शिवणीशिवाय त्याला धरून कोण ठेवणार?" तिचं म्हणणं खरं होतं. शिवाय मुंढा नीट कापून बसवलेली बाही खांद्यावर जशी बसते तशी गळ्यापासून विणलेल्या कपड्यात माझ्या तरी अंगावर कधी बसलेली नाही. आणि ऑगस्टच्या उकाड्यात मांडीवर अख्खा स्वेटर घेऊन बसण्यापेक्षा एकेक भाग हलका जातो. न्यूयॉर्कला जाणाऱ्या ट्रेनमध्येही तो पिशवीत मावतो.

साइझ निवडताना मी 'मीडियम' बघणं सोडून दिलं आहे. माझी छाती 96 सेंटिमीटर. आत कुर्ता येणार म्हणून 8 सेंटिमीटर सैल हवं, म्हणजे तयार कपडा 104. नमुन्याच्या शेवटी जी आकृती असते तिच्यातलं तयार माप 104 च्या जवळ ज्या साइझचं, ती साइझ घ्यायची, मग तिचं नाव काही का असेना.

आणि मग तुकडा. नमुन्याचा तुकडा विणून बघायला आईला कधी सांगावं लागत नाही, तिची वहीच तुकड्यांची आहे. पण तिने तुकडा धुऊन कधी मोजला नव्हता. कॅशमिलॉन धुतलं तरी तसंच राहतं, त्यामुळे तिला गरज पडली नव्हती. आम्ही दोघींनी 15 सेंटिमीटरचे चौकोन विणले, कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवले, पंच्यात दाबून पाणी काढलं (पिळायचं नाही, पिळलं की वीण मोडते) आणि टाचण्या लावून सावलीत वाळवले. शालीचा तुकडा 4 मि.मी.च्या सुईवर धुण्याआधी 10 सेंटिमीटरला 22 टाके देत होता, धुऊन ताणून वाळल्यावर 20. म्हणजे 18 चे सहा पट 108, दोन्ही कडांना चार-चार, एकूण 116 टाके, रुंदी 58 सेंटिमीटर. न धुता मोजलं असतं तर आम्ही आणखी अर्धी लाट वाढवायची कशी, या विचारात पडलो असतो.

दुसरी गोष्ट तुकड्यांनीच उघड केली. कार्डिगनची एक बाही आई विणणार होती. त्याच लोकरीवर, त्याच 4 मि.मी.च्या सुयांवर माझे 22 टाके आणि तिचे 24. तिचा हात घट्ट, माझा सैल. तिच्या हाताची बाही माझ्या बाहीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर अरुंद झाली असती. तिला साडेचार मि.मी.ची सुई दिली, पुन्हा तुकडा विणायला लावला. बरोबर 22.

सप्टेंबरभर आम्ही विणत होतो. शाल नवरात्र उठायच्या आत झाली. ती धुऊन मुलाच्या खोलीत खाली फोमच्या चौकोनांवर पसरली, दोन्ही कडांत दोरे ओवले आणि लाटेच्या प्रत्येक टोकाला टाचणी लावत गेलो. सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेली, आखडलेली दिसत होती. ताणली तशा लाटा एकेक करून उघडत गेल्या. आई गुडघ्यावर बसून बराच वेळ टाचण्या इकडून तिकडे सरकवत राहिली. ही वीण तिने पन्नास वर्षांत कितीदा विणली असेल, पण कॅशमिलॉनवर ती अशी कधी उघडली नव्हती. इस्त्री फिरवून बसवायची, मग ती चपटी व्हायची आणि चकाकायची.

न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेक नावाचं गाव आहे. तिथे डचेस काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मेंढ्यांचा आणि लोकरीचा मेळा भरतो. इथल्या विणकाम करणाऱ्या बायकांना त्याचं आपल्याकडच्या जत्रेसारखं अप्रूप. पुष्कळ जणी खास त्यासाठी नवा स्वेटर विणतात, 'ऱ्हाइनबेक स्वेटर' असंच त्याला म्हणतात. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. 19 ऑक्टोबरला आम्ही पहाटे निघालो. माझ्या कार्डिगनची एक बाही अजून सुईवर होती, मी जुनंच काहीतरी चढवलं. आई नऊवारीवर, हो, मुद्दाम नऊवारी नेसून आणि आमसुली शाल डोक्यावरून घेऊन गाडीत बसली. सकाळी मैदानावर गवत दवाने भिजलेलं होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. अकरापर्यंत असं ऊन पडलं की शाल तिने घडी करून पिशवीत टाकली. ती मुठीएवढी झाली.

तिला दुकानांत फारसा रस नव्हता. ती मेंढ्यांच्या गोठ्यांतून फिरत राहिली. चार शिंगांची जेकब मेंढी तिने पहिल्यांदाच पाहिली. लांब, कुरळ्या बटांच्या लिंकन मेंढीपाशी मालकीणबाईंनी तिला खुणेने हात लावायला सांगितलं, तेव्हा आईने बट बोटांनी उलगडली, आतला कातडीजवळचा पांढरा भाग पाहिला आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, जनावर चांगलं ठेवलंय." मी सांगितलं. बाईंनी आईच्या पिशवीतून डोकावणाऱ्या शालीकडे बोट दाखवलं, आईने ती उलगडून दिली, आणि बाई बोटाने एक एक लाट मोजत गेल्या. सहा.

कार्डिगन लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री पूर्ण झालं. बटणं लाकडी लावली. आईने विणलेली बाही कुठली, हे आता मलाही ओळखता येत नाही. सातवी लडी पूर्ण उरली, ती दुकानाने परत घेतली.

नोव्हेंबरात ती निघाली त्याच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते आणि ती जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली होती. शालीचा धुतलेला तुकडा तिने नव्या पानाला टाचला होता. खाली लिहिलं होतं: 'लहर वीण. मेंढीची लोकर, 3 पदरी, आमसुली, 2 लड्या. टाके 116. सुई 4 मि.मी. (आपली 8, तिकडची 6). धुण्याआधी 22, धुतल्यावर 20.' मग तिने मागची पानं उलटत नेली आणि जिथे जिथे नुसता सुईचा नंबर होता तिथे भोकांची पट्टी घेऊन, एकेक सुई घालून बघत, पुढे मिलिमीटर लिहायला सुरुवात केली.